दारी आलेला परका आणि घरचा कुत्रा

ज्या काळी कुत्रा वाड्याच्या दिंडीदरवाज्याशी, मळ्यातल्या माचाखाली किंवा धनगराच्या मेंढवाड्याच्या कडेला बसत असे, त्या काळी परक्या माणसाची चाहूल लागताच सारा आसमंत दणाणून सोडणे हीच त्याची चाकरी होती. भाकरीचा जो चतकोर त्याच्यापुढे पडे तो या चाकरीचा मुशाहिरा होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर जो भुंकत नाही त्याला पोसायचे कशाला, असा रोखठोक हिशेब घरधनी मांडीत असे. आज त्याच कुत्र्याचे वंशज पुण्यामुंबईच्या, ठाण्यानाशकाच्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात. तेथे सकाळी दूधवाला, मागून पेपरवाला, मग कामाच्या बाई, दुपारी पार्सल घेऊन आलेला पोरगा, संध्याकाळी शेजारची मुले, अशी परक्या माणसांची रीघ दिवसभर दाराशी लागलेली असते. लिफ्टचे दार उघडावे तो हातभर अंतरावर दुसऱ्या बिऱ्हाडातला कुत्रा उभा असतो. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच गल्लीतली भटकी कुत्री आपापली हद्द राखून बसलेली दिसतात. ज्या गुणाबद्दल पूर्वी त्याची वाखाणणी होई त्याच गुणाबद्दल आता सोसायटीच्या चिटणिसांकडे लेखी फिर्याद जाते. कुत्र्याचा स्वभाव आहे तोच आहे. पालटली आहे ती त्याची नेमणूक, आणि या बदलीचा हुकूम त्याला समजेल अशा भाषेत कोणी बजावलेला नाही.

तो बजावण्याचे मनावर घेणारे बहुतेक मालक आरंभीच उद्दिष्टाविषयी घोटाळा करून बसतात. आपल्या कुत्र्याने दिसेल त्याच्याशी लाडीगोडी करावी, पाहुण्याने डोक्यावर हात ठेवला तर कृतार्थ व्हावे, बागेत भेटणाऱ्या प्रत्येक कुत्र्याशी खेळ मांडावा, अशी त्यांची अपेक्षा असते, आणि ती पुरी करण्याच्या भरात ते त्याला ओढत ओढत प्रत्येकाच्या पुढ्यात नेऊन उभे करतात. मनुष्यमात्राविषयी असे सरसकट प्रेम आपल्यापैकी कितीजणांना साधले आहे याचा विचार केला तर ही अपेक्षा किती अवाजवी आहे हे ध्यानात येईल. मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यानपिढ्या पोसला गेलेला कारवान जातीचा कुत्रा, ज्याला मुधोळ संस्थानावरून मुधोळ हाउंड असेही म्हणतात, तो घरच्यांशी कितीही मायाळू असला तरी परक्याने अंगाला हात लावलेला त्यास सहसा खपत नाही, आणि त्यात त्याचा काही अपराध आहे असे मला वाटत नाही. आपण कुत्र्याकडून मागावे ते औदासीन्य. रस्त्याने जाणारा मनुष्य हा मित्रही नव्हे आणि शत्रूही नव्हे, तो दिव्याच्या खांबासारखा केवळ आहे, एवढे त्याच्या मनात ठसले की काम झाले. उपमा किंचित सदोष आहे खरी, कारण दिव्याच्या खांबाविषयी कोणताही कुत्रा उदासीन असल्याचा दाखला नाही.

परक्यावर धावून जाणारा कुत्रा शूर असतो, रागीट असतो, किंवा मालकाचे रक्षण करीत असतो, हा समज फार दृढ आहे. काही थोड्या कुत्र्यांच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु बहुतांशी असा कुत्रा भ्यालेला असतो. भ्यालेल्या प्राण्यास दोनच मार्ग मोकळे असतात, स्वतः दूर जाणे अथवा भीतीच्या कारणास दूर घालवणे; आणि गळ्यात पट्टा व पट्ट्याला दोरी असलेल्या कुत्र्याचा पहिला मार्ग आपणच बंद केलेला असतो. मग तो दुसरा धरतो, आणि दुर्दैवाने त्यात त्याला नित्य यश येते. टपालवाला पत्र टाकून आपल्या वाटेने निघून जातो, तो जाणारच असतो. पण कुत्र्याच्या दफ्तरी नोंद होते ती अशी की आपण भुंकलो आणि गनीम पळाला. वर्षभर रोज असा विजय मिळत गेल्यावर त्या शस्त्रावरची त्याची श्रद्धा एखाद्या दटावणीने कशी ढळावी?

भुंकणे ही या प्रकरणातली पहिली पायरी नसते, हेही पाहिले पाहिजे. तत्पूर्वी त्याने अनेक अर्ज केलेले असतात आणि ते सारे आपण न वाचताच नामंजूर केलेले असतात. झोप आलेली नसता दिलेली जांभई, समोर खाद्य नसता ओठांवरून फिरवलेली जीभ, एकाएकी मिटलेले तोंड, बाजूस वळवलेली मान, तिरप्या नजरेत दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग, एक पंजा उचलून थबकणे, नसलेली धूळ अंगावरून झटकणे, या सर्वांचा आशय बहुधा एकच असतो: मला येथे अवघड वाटते आहे. नॉर्वेमधील टूरिड रुगास या बाईंनी अशा खुणांची मोठी यादीच सिद्ध केली आणि जगभरच्या कुत्रेवाल्यांना ती वाचावयास शिकवले. शेपटीविषयीचा आपला समज तर अगदीच ढोबळ आहे. इटलीतील काही संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत तीस कुत्र्यांच्या शेपटांचे चलन मोजले, तेव्हा मालक दिसताच शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे अधिक झुकते आणि परका, दांडगा कुत्रा दिसताच डावीकडे, असे आढळून आले. शेपूट हलते आहे म्हणून कुत्रा खूश आहे, एवढ्यावर विसंबून हात पुढे करणाऱ्यास दवाखान्याची वाट धरावी लागली तर नवल नाही.

ही भीती मुळातच उपजू नये यासाठी जे करावयाचे ते पिलाच्या वयाच्या पहिल्या तीन महिन्यांतच करावे लागते. अमेरिकेच्या मेन संस्थानातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पाच जाती घेऊन अनेक वर्षे जे प्रयोग केले, आणि ज्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रकाशित झाला, त्यांतून असे निष्पन्न झाले की तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाची दारे सताड उघडी असतात. या मुदतीत जे दिसेल, ऐकू येईल, हुंगावयास मिळेल ते त्याच्या लेखी जगाचा स्वाभाविक भाग होऊन बसते, आणि पुढे जे नवे म्हणून सामोरे येईल ते प्रथमतः संशयास पात्र ठरते. तेथेच केलेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिले कुंपण घातलेल्या मोकळ्या आवारात माणसाच्या सहवासावाचून वाढवली होती. त्यांतील काहींना निरनिराळ्या वयात एकेक आठवडा माणसात आणले. ज्यांना चौदा आठवडे होईपर्यंत माणूस मिळाला नाही ती रानटी जनावरासारखी झाली, आणि पुढे कितीही माया केली तरी त्यांच्या मनातली धास्ती गेली नाही.

आता येथे आपल्याकडच्या पालकास एक वास्तविक अडचण येते. पिलाची पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास, रेबीजची तिसऱ्या महिन्यात, आणि सगळे डोस पुरे होईपर्यंत बाहेर काढू नका अशी पशुवैद्याची ताकीद. म्हणजे मनाची दारे मिटण्याच्या बेतास आली की पिलाला जग दाखवावयाचे! ताकीद निराधार नाही, कारण पार्व्होने पिले झपाट्याने दगावतात आणि भटक्या कुत्र्यांच्या वावराची जमीन त्या रोगाचे आगर असते. तथापि अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली या दोन धोक्यांची तुलना करून, पहिल्या लसीनंतर आठवड्याभराने पिलास स्वच्छ आणि लसीकरण झालेल्या सोबतीत नेण्यास हरकत नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. आपल्या शहरांतही यातून वाट काढता येते. पिलाला जमिनीवर न ठेवता कडेवर अथवा पिशवीत घालून मंडईत, रिक्षातळाशी, शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या फाटकाशी न्यावे. छत्रीवाला, दाढीवाला, बुरखा घेतलेली बाई, काठी टेकीत चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला असे नाना तऱ्हेचे लोक त्याने लांबून, सुरक्षित जागेवरून पाहावेत. आणि ज्यांची लसीकरणाची कागदपत्रे ठीक आहेत अशा, स्वभावाने शांत असलेल्या एकदोन मोठ्या कुत्र्यांशी त्याची गाठ घालून द्यावी. प्रत्येकाने त्याला हाताळलेच पाहिजे असे मात्र नाही. दहाजणांच्या हातांतून फिरवलेले भेदरलेले पिलू जगाविषयी जे शिकते ते आपल्याला शिकवावयाचे नसते.

परंतु ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचा, दारावरची घंटा वाजताच उसळणारा कुत्रा आहे, त्यांना गेलेल्या तीन महिन्यांची कथा सांगून काय उपयोग? त्यांच्यासाठी जो उपाय आहे तो मूळचा एका लहान मुलावर झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा होता. त्याला सशाची विलक्षण भीती वाटे. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून आवडीचा खाऊ दिला आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला, मूल खाणे थांबवणार नाही इतक्या अंतरावर ठेवला. मग हे अंतर त्यांनी बसल्या बसल्या नव्हे तर अनेक बैठकींत, मुलाच्या चेहऱ्यावरची रेघन्‌रेघ पाहत, थोडथोडे कमी केले. अखेरीस पीटर सशाला आपली बोटे चाटू-कुरतडू देऊ लागला. हा वृत्तांत १९२४ साली प्रसिद्ध झाला. घंटेचा नाद आणि अन्न यांची सांगड घालून कुत्र्याच्या तोंडाला लाळ आणणारे रशियाचे इवान पाव्हलॉव तत्पूर्वीच जगप्रसिद्ध होते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल, आणि कुत्र्यांच्या मनाचा हा व्यवहार त्या संशोधनाच्या ओघात त्यांच्या हाती लागला. पण सांगड नवी घालता येते एवढेच नव्हे, तर पडलेली वाईट सांगड हळूहळू सोडवून तिच्या जागी चांगली बांधता येते, हे जोन्सबाईंनी दाखवले. आज जगभर भित्र्या आणि तापट कुत्र्यांवर जी तालीम चालते ती याच पायावर उभी आहे.

या तालमीत मालकाने प्रथम शिकावयाचे ते अंतर ओळखणे. मोकळ्या मैदानात किंवा रुंद रस्त्यावर दुसरा कुत्रा दूर दिसू लागतो. आपल्या कुत्र्याचे कान टवकारतात, तो टक लावतो, पण नाव घेताच मान वळवतो आणि हातातला खाऊ घेतो. येथवर त्याचे चित्त ठिकाणावर आहे. आणखी काही पावले पुढे गेले की तोच कुत्रा बहिरा होतो, एरवी ज्यासाठी जीव टाकतो त्या चिकनच्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. या दोहोंच्या मधली जी अदृश्य रेषा, तिच्या अलीकडेच काय ती शिकवणी चालते. पलीकडे गेलेल्या कुत्र्याला काही शिकवू पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे. कोणाची ही रेषा वीस पावलांवर असते, कोणाची सबंध मैदानाच्या दुसऱ्या टोकाला; शिवाय ती रोजची रोज सरकते. ती आज कोठे आहे हे कुत्राच सांगतो.

रेषेच्या अलीकडे उभे राहून करावयाचे ते अगदी साधे आहे. दुसरा कुत्रा किंवा अनोळखी माणूस आपल्या कुत्र्याच्या दृष्टीस पडला की ताबडतोब खाऊ सुरू करावा, हरभऱ्याएवढा एकेक तुकडा, एकामागून एक. आणि तो परका दृष्टीआड होताच खाऊ बंद. क्रम उलटा होता कामा नये. आधी खिशातून पिशवी काढली आणि मग परका आला, तर काही दिवसांत कुत्रा पिशवीलाच संकटाची वर्दी समजू लागतो. खाऊ रोजच्या जेवणातला नसावा: उकडलेले चिकन चालते, शाकाहारी घरात पनीर चालते, आणि कोकणातून आलेल्या भाजक्या सुकटीच्या वासापुढे तर परक्याचा वास फिका पडतो, मात्र शर्टाच्या खिशाची काय दशा होईल ते ज्याचे त्याने पाहावे. पाच-दहा मिनिटांत बैठक आटोपावी. असे होता होता एके दिवशी दुसरा कुत्रा दिसताच आपला कुत्रा त्याच्याकडे एकदा पाहतो आणि आपण होऊन मालकाकडे वळतो. ज्याच्या दर्शनाने तो पिसाळत असे त्याचेच दर्शन त्याला आता खाऊची आठवण देऊ लागले. ही खूण पटल्यावरच अंतर कमी करावे, आणि तेही दोनचार पावलांनी.

ही लाच नव्हे काय, असा आक्षेप जुन्या वळणाचे लोक घेतात. लाच ही काहीतरी करण्याबद्दल दिली जाते. येथे खाऊ मिळतो तो कुत्र्याच्या कोणत्याही कृतीबद्दल नव्हे, केवळ परका दिसल्याबद्दल. तो बसला नाही, गप्प राहिला नाही, अगदी चुकून भुंकला, तरी खाऊ मिळतोच, आणि आपण निमूटपणे आणखी दूर जातो. त्याच्या वर्तनाचा निवाडा करावयाचा नसून परक्याविषयीचे त्याचे मत बदलावयाचे आहे. ते बदलले की वर्तनाचा बंदोबस्त वेगळा करावा लागत नाही, असा जाणत्यांचा अनुभव आहे. बस, थांब, मागे फिर हे हुकूम निरुपयोगी आहेत असे मात्र कोणी समजू नये. विशेषतः ‘मागे फिर’ हा हुकूम घरातल्या घरात खेळ म्हणून शंभरदा करून घेतलेला असला, तर कोपऱ्यावर अवचित समोर आलेल्या कुत्र्यापासून, दोरीला हिसका न देता, आनंदाने पाठ फिरवता येते.

दोरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. परका दिसताच प्रथम कोण घाबरत असेल तर तो मालक. तो दोरी हाताभोवती गुंडाळतो, श्वास रोखतो, आणि ताठलेल्या दोरीतून ती वार्ता क्षणार्धात कुत्र्याला पोहोचते. दोरी सैल हवी, पुरेशी लांब हवी, आणि गळ्यात आवळणाऱ्या साखळीऐवजी छातीवरून जाणारा पट्टा हवा. मोकळे कुत्रे एकमेकांना भेटतात ते नाकासमोर सरळ चालून नव्हे, तर वळसा घेऊन, बाजूने, मागून हुंगत. अरुंद जिन्यात दोन मालक आपापले कुत्रे समोरासमोर आणून ‘हॅलो म्हण, हॅलो म्हण’ असा आग्रह करतात, तेव्हा कुत्र्यांच्या शिष्टाचारात ती उघड आगळीक असते. एकाच इमारतीतल्या दोन कुत्र्यांचा समेट घडवावयाचा असेल तर दोघांना एकाच दिशेने, रस्त्याच्या दोन बाजूंनी, समांतर चालवत न्यावे. तंटा नाही असे रोज दिसले की मधली जागा आठवड्या-आठवड्याने आकसत जाते.

गल्लीतल्या कुत्र्यांचे प्रकरण निराळे आहे, कारण त्यांच्या बाजूने तहाची बोलणी करावयास कोणी मालक नसतो. त्यांचे अड्डे आणि वेळा मालकाला ठाऊक पाहिजेत. वाट वाकडी करून जाण्यात कमीपणा नाही. अंगावर आलेच तर पळू नये, आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर धरू नये, कारण उंचावर नेलेल्या वस्तूकडे कुत्रे झेपावतात. दोघांच्या मध्ये आपण उभे राहून मूठभर खाऊ त्यांच्या पलीकडे भिरकावावा आणि सावकाश निघावे. ज्यांच्या कानाला खाच पाडलेली दिसते त्यांची नसबंदी झालेली असते, आणि त्यासोबत रेबीजची लसही दिलेली असते, ही माहिती हाताशी असली तर मालकाचाही जीव थोडा भांड्यात पडतो.

घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत तालीम पाहुण्यांपासून सुरू करावी लागते. कुत्र्याला दारापासून दूर, खोलीच्या कोपऱ्यात एक चटई नेमून द्यावी आणि दारी कोणी नसताना घंटा वाजवून त्याला तेथे खाऊ द्यावा, इतक्या वेळा की घंटा वाजली म्हणजे चटईकडे धावावयाचे हे त्याच्या अंगवळणी पडावे. प्रत्यक्ष पाहुणा येईल तेव्हा सुरुवातीचे काही महिने कुत्रा आतल्या खोलीत असावा. मंडळी स्थानापन्न झाली, चहा आला, आवाज बसले, की मग त्याला दोरीने बांधून आणावे. पाहुण्याने त्याच्याकडे टक लावू नये, वाकू नये, डोक्यावर हात नेऊ नये, चुचकारू तर मुळीच नये. थोडे आडवे बसून आपले बोलणे चालू ठेवावे. ‘मला कुत्र्यांची फार सवय आहे’ असे म्हणत पुढे सरसावणारा पाहुणा हा या साऱ्या उपक्रमाचा सर्वांत मोठा वैरी होय. गणपतीच्या दिवसांत दर्शनाला लोटणारी माणसे, ढोलताशा, दिवाळीतले फटाके, अशा वेळी कुत्र्याला आतल्या खोलीत पंख्याच्या आवाजात, चघळायला काहीतरी देऊन बंद ठेवणे हाच शहाणपणा. परीक्षेचा दिवस हा शिकवणीचा दिवस नसतो.

आता शिक्षेविषयी. हिसका द्या, उताणा पाडा, नाकावर मारा, तुम्ही टोळीचे नायक आहात हे त्याला दाखवून द्या, असा उपदेश करणारे शिक्षक आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. या उपदेशाचा आधार म्हणून लांडग्यांचा दाखला देण्यात येतो, आणि तो दाखला कधीच बाद झालेला आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील, कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून नायकत्वाची जी कल्पना मांडली ती डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली; पुढे त्याच मेक यांनी रानातल्या लांडग्यांचे उन्हाळेच्या उन्हाळे निरीक्षण करून १९९९ साली लिहिले की टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे, तेथे मारामारी करून गादी बळकावण्याचा प्रश्नच नसतो. स्वतःच्या मताची अशी उघड दुरुस्ती करणारा विद्वान विरळा, आणि त्याची दुरुस्ती कानावर न घेणारे अनुयायी मात्र सर्वत्र. अमेरिकेत मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी १४० मालकांकडून घेतलेली माहिती २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांत कुत्र्यास मारणाऱ्या वा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के आणि उताणा पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. कारण उघड आहे. परका दिसला की गळ्याला फास बसतो, एवढाच धडा कुत्रा घेतो, आणि परक्याविषयीचे त्याचे मत होते त्याहून वाईट होते. त्यातही गुरगुरण्याबद्दल मारणे ही घातक गोष्ट आहे, कारण गुरगुरणे ही त्याने रीतसर दिलेली नोटीस असते. ती देण्याची बंदी केली की तो नोटिशीवाचून चावतो, आणि मग लोक म्हणतात, काही कारण नसता चावला. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० सालापासून बंदी आहे. आपल्याकडे ते खुशाल विकत मिळतात.

पीटरची गोष्ट मी अर्धीच सांगितली. उपचार ऐन भरात असताना तो तापाने आजारी पडून इस्पितळात गेला. बरा होऊन परत निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि परिचारिकेच्या अंगावर झेपावला, आणि मिळवलेले सारे धुऊन गेले. जोन्सबाईंना पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागला. कुत्र्याच्या तालमीतही असे प्रसंग येणारच. शिवाय धक्के साचत जातात: सकाळी कर्कश भोंगा, दुपारी गच्चीवर डांबर टाकणारे मजूर, संध्याकाळी जिन्यात अवचित भेटलेला बोका, यांतील एकेक सोसणारा कुत्रा रात्री आठ वाजता निरुपद्रवी शेजाऱ्यावर वसकन जातो. अशा दिवसानंतर एकदोन दिवस त्याला नुसते हुंगत, रमतगमत, एकांतात फिरू द्यावे. मुळात शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडखोर झाला तर शिक्षकाआधी पशुवैद्याकडे जावे, कारण कानातले दुखणे आणि सांधेदुखी ही चिडीची फार नेहमीची कारणे आहेत. भीती अतिरेकी असेल तर पशुवैद्य औषधही देतात, आणि ते घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.

चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला मुसके घालावेच. मळणीच्या बैलांना घालतात तशा जाळीचे, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असे मुसके हवे. जबडा आवळून बांधणारी कापडी पट्टी नको, कारण आपल्या उन्हाळ्यात कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. आतून दही चोपडून त्याला आपण होऊन त्यात तोंड घालू द्यावे. कायद्याची बाजूही मालकाने विसरू नये: पाळीव प्राण्यापासून माणसास धोका पोहोचू नये याची खबरदारी न घेणे हा पूर्वी दंड संहितेच्या २८९ व्या कलमाखाली, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, ज्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

या साऱ्यास काळ किती लागतो असे विचाराल, तर महिन्यांच्या हिशेबाने बोलावे, आठवड्यांच्या नव्हे; आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत रेषा वीस पावलांवरून पाच पावलांवर येते आणि तेथेच थांबते, ते यशच धरावे. मात्र एक विनंती ज्यांच्या घरी कुत्रा नाही अशा वाचकांना करावयाची आहे, कारण या तालमीत परक्याची भूमिका त्यांचीच असते. काही देशांत ज्या कुत्र्याला मोकळीक हवी त्याच्या दोरीला पिवळी फीत बांधतात आणि लोक ती पाहून दूर राहतात. आपल्याकडे ती चाल रुळलेली नाही. तेव्हा रस्त्यात कोणी कुत्रा घेऊन कडेला उभा राहिलेला, त्याला तुकडा तुकडा भरवताना दिसला, तर थांबू नका, हाक मारू नका, मुलाला ‘भू भू बघ’ म्हणून जवळ नेऊ नका. हात लावावासा वाटलाच तर आधी मालकाला विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर राग न धरता आपल्या वाटेने सरळ चालू लागा.